मे महिन्यातली सवलत आणि सेरेंगेटीचा पाऊस

वाचकाचे पत्र: आम्ही नाशिकचे रहिवासी आहोत. माझे वय ६४, पत्नीचे ६१. मुलगा, सून आणि दुसरीत शिकणारी नात असे आम्ही पाच जण पुढच्या वर्षी आफ्रिकेत सफारीला जाण्याचा विचार करीत आहोत. एका पर्यटन संस्थेने केनियाची मे महिन्यातली सहल नेहमीच्या दरापेक्षा बरीच स्वस्त देऊ केली आहे. नातीची शाळा तेव्हा बंद असते, मुलालाही रजा मिळते आणि ताडोबाला आम्ही नेहमी मे महिन्यातच जात असल्यामुळे उन्हाळा हाच प्राणी दिसण्याचा हंगाम, असा आमचा समज आहे. परंतु एक स्नेही म्हणतात की ऑगस्टखेरीज जाणे म्हणजे पैसे पाण्यात. मला नदी ओलांडणारे कळप पाहायचे आहेत, नातीला चित्ता पाहायचा आहे आणि पत्नीचे गुडघे दुखतात. आम्ही केव्हा जावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात तीन अडचणी आहेत आणि त्या एकमेकींत गुंतल्या आहेत: शाळेची सुट्टी, आफ्रिकेचा पाऊस आणि पत्नीचे गुडघे. यांपैकी पावसाबद्दल आपली जी समजूत झालेली दिसते ती आधी दूर करतो, कारण सवलतीचा निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे.

ताडोबाला मे महिन्यात जाण्यामागचा आपला हिशेब अचूक आहे. पानगळ झालेली असते, ओढे आटलेले असतात, आणि उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर वाघाला यावेच लागते. मात्र हा हिशेब कॅलेंडरवरच्या महिन्याचा नसून कोरड्या रानाचा आहे, आणि केनियात मे महिन्यात रान कोरडे नसते. सूर्याच्या मागोमाग उत्तर-दक्षिण सरकणारा पावसाचा पट्टा विषुववृत्त वर्षातून दोनदा ओलांडतो, म्हणून पूर्व आफ्रिकेत पावसाळेही दोन असतात. मार्च ते मे हा मोठा पाऊस, ज्याला स्वाहिलीत मसिका म्हणतात, आणि ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा छोटा पाऊस, म्हणजे वुली. आपल्याकडे जूनमध्ये येणाऱ्या मोसमी पावसाचा पट्टा त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत त्यांच्या डोक्यावर असतो, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. आपली मे महिन्याची सुट्टी त्यांच्या मोठ्या पावसाच्या अखेरीस येते. सहल स्वस्त का आहे याचे उत्तर एवढेच आहे. संस्थेच्या उदारपणाशी त्याचा संबंध नाही.

भर पावसात मसाई मारामध्ये, म्हणजे केनियातल्या प्रसिद्ध राखीव प्रदेशात, फिरणे म्हणजे काय, याची कल्पना मराठी माणसाला द्यायला फार शब्द लागू नयेत. तिथल्या बऱ्याच भागात आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या जमिनीसारखीच काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी माती आहे. दोन दिवस पाऊस लागला की तिच्यात चारही चाके चालणारी जीपसुद्धा रुतते, आणि मग सकाळची सफारी दुसऱ्या गाडीच्या दोराची वाट पाहण्यात संपते. २०२४ साली १ मेच्या सुमारास तालेक नदीला पूर येऊन मसाई मारामधले नदीकाठचे तंबू पाण्याखाली गेले आणि अडकलेल्या पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. असा पूर दरवर्षी येत नाही, हे खरे. मे महिन्याच्या उत्तरार्धात पाऊस ओसरू लागतो, गर्दी जवळजवळ नसते, धुतलेल्या आकाशाखाली छायाचित्रेही सुंदर येतात. एकटा, सडा आणि पुन्हा येऊ शकणारा छायाचित्रकार मला विचारता तर मी त्याला कदाचित मे महिन्यातच जा म्हणालो असतो. तथापि पाच जणांचे कुटुंब, त्यात एक लहान मूल आणि एक दुखरे गुडघे, आणि बहुधा आयुष्यात एकदाच होणारा प्रवास, या परिस्थितीत मे महिन्यातली केनियाची सहल आपण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत गवत कमरेएवढे वाढलेले असते आणि पाणी जागोजाग साचलेले असल्यामुळे प्राणी विखुरतात. म्हणजे ताडोबात मे महिन्यात जी सोय असते तिच्या नेमकी उलट स्थिती.

आता आपल्या स्नेह्यांच्या ऑगस्टविषयी. त्यांचे म्हणणे निराधार नाही, पण अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे समजण्यासाठी विल्डेबीस्ट, ज्याला नू असेही म्हणतात, हा प्राणी वर्षभर काय करतो हे पाहावे लागेल. हवाई गणनांच्या आधारे त्यांची संख्या अनेक वर्षे तेरा लाखांच्या आसपास सांगितली जाते. सोबत लाखो झेब्रे आणि गॅझेल हरणे असतात. टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याला उत्तरेकडून चिकटलेला केनियातील मसाई मारा राखीव प्रदेश सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचा. हा लवाजमा या सगळ्या भूभागात गवताच्या मागे गोल फिरत असतो. त्याला ना आरंभ आहे ना शेवट, त्यामुळे ‘स्थलांतराचा हंगाम’ हा शब्दप्रयोगच थोडा फसवा आहे. स्थलांतर बारा महिने चालू असते; बदलते ती जागा.

डिसेंबरपासून मार्चपर्यंत कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या आसपासच्या आखूड गवताच्या मैदानांवर असतात. या मैदानांवर जवळच्या ज्वालामुखींची राख शतकानुशतके पडत आली आहे, त्यामुळे तिथल्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असते. गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमके तेच हवे असते. गवत आखूड असल्यामुळे दबा धरणारा शत्रू दुरून दिसतो, हा दुसरा फायदा. उणीव एकच, की या मैदानांवर टिकाऊ पाणी नाही. पाऊस थांबला की गवत करपते आणि कळपांना निघावे लागते. एप्रिल-मेमध्ये ते वायव्येकडे सरकू लागतात, मे-जूनमध्ये मध्य आणि पश्चिम सेरेंगेटीत, ग्रुमेटी नदीच्या परिसरात पोहोचतात, आणि जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत सेरेंगेटीचा उत्तर भाग आणि मसाई मारा येथे राहतात, कारण मारा नदी बारमाही आहे. छोटा पाऊस सुरू झाला, दक्षिणेकडे ढग दिसू लागले, की पुन्हा परत. तारखा अर्थातच पक्क्या नसतात. पाऊस पंधरा दिवस पुढेमागे झाला की कळपही पुढेमागे होतात, आणि अमुक तारखेला अमुक घाटावर नदी ओलांडणे दाखवू, असे कोणी छापील पत्रकात लिहिले असेल तर ते पत्रक बाजूला ठेवावे.

नदी ओलांडण्याचे दृश्य खरोखर थरारक असते, यात वाद नाही. परंतु ते पाहण्यासाठी काय करावे लागते हे दूरचित्रवाणीवर दिसत नाही. मी स्वतः एकदा ऑगस्टमध्ये मारा नदीच्या काठावर साडेचार तास एकाच गाडीत बसलो होतो. समोरच्या तीरावर हजारो जनावरे जमली, पुढची दहा-बारा पाण्यापर्यंत उतरली, कशाने तरी बिचकली आणि संपूर्ण कळप वळून धूळ उडवीत निघून गेला. आमच्या मागे-पुढे चाळीसहून अधिक गाड्या होत्या. दुसऱ्या दिवशी नदी ओलांडणारा कळप दिसला, तोही दोन गाड्यांच्या फटीतून. काठावर थांबलेल्या गाडीतून खाली उतरता येत नाही, पाय पसरता येत नाहीत, आणि स्वच्छतागृहासाठी गाडी हलवली तर जागा जाते. आपल्या पत्नीच्या गुडघ्यांना आणि सात-आठ वर्षांच्या मुलीच्या संयमाला हे कितपत झेपेल, याचा विचार आपणच करावा. खर्चाचाही मुद्दा आहे: मसाई मारामध्ये परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर प्रवेशशुल्क आहे आणि जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर. आपण चार प्रौढ तीन दिवस राहिलात तर १,२०० डॉलरचे २,४०० होतात, आणि तंबूंचे चढे दर त्याहून वेगळे. शिवाय ऑगस्टमध्ये नातीची शाळाही असणार.

म्हणून माझी सूचना आपण विचारलेल्या दोन्ही महिन्यांपेक्षा वेगळी आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात टांझानियात जावे आणि मुक्काम न्दुतूला करावा.

जानेवारीअखेरपासून मार्चच्या आरंभापर्यंत या मैदानांवर विल्डेबीस्टच्या माद्या वितात, आणि बहुतेक सगळ्या जवळजवळ एकाच वेळी. साधारण ८० टक्के पिल्ले दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत जन्मतात. इतकी पिल्ले एकदम आल्यामुळे शिकारी प्राण्यांनी कितीही खाल्ली तरी बहुसंख्य वाचतात, हा निसर्गाचा हिशेब. पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांत उभे राहते आणि आईमागे धावू लागते. हे आपल्या नातीने जीपच्या छतातून पाहिले तर नदीवरच्या मगरींपेक्षा ते तिच्या अधिक लक्षात राहील, असे मला वाटते. (नाजूक मनाच्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आधी सांगून ठेवावी: त्या पिल्लांमागे तरस, कोल्हे आणि सिंहही असतात, आणि जे व्हायचे ते डोळ्यांसमोर होते.) तिला चित्ता पाहायचा आहे, त्यासाठी तर याहून चांगली जागा आणि वेळ सुचवणे कठीण आहे. चित्त्याला धावण्यासाठी मोकळे मैदान लागते आणि गॅझेलची पाडसे हे त्याचे आवडते भक्ष्य. न्दुतूला या दिवसांत दोन्ही असते. न्दुतूचा बराच भाग न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रात येतो, आणि तिथे नियम पाळून गाडी रस्ता सोडून नेता येते, जे सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात चालत नाही. मात्र आपल्या चालकाने चित्त्याच्या फार जवळ जाऊ नये, हे आपणच त्याला सांगावे. बक्षिशीच्या आशेने चालक पुढे जातात आणि मादीची शिकार हुकते.

न्दुतूला जाताना न्गोरोंगोरोचे विवर वाटेवरच आहे. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या या कढईसारख्या खोलगट भागातले बहुतेक प्राणी वर्षभर तिथेच असतात, त्यामुळे तिथे हंगामाची चिंता नाही, आणि काळा गेंडा दिसण्याची शक्यताही आहे. विवराचा काठ मात्र २,२०० मीटरहून उंच आहे. आफ्रिका म्हणजे उकाडा असे गृहीत धरून स्वेटर न नेणारे लोक तिथे पहाटे ब्लँकेट गुंडाळून बसलेले मी पाहिले आहेत.

फेब्रुवारीतल्या उणिवाही सांगतो. दुपारी ऊन कडक असते, मैदानात झाड नाही, आणि एखादी जोरदार सर येऊ शकते. एखाद्या वर्षी छोटा पाऊस दगा देतो आणि कळप न्दुतूवरून दुसरीकडे पांगतात. तसे झाले तर दिवसाला ५०-६० किलोमीटर अधिक फिरावे लागेल, आणि तिथल्या रस्त्यांच्या धक्क्यांना चालक हसत ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात, हे पत्नीला आधीच सांगून ठेवावे. यावर उपाय म्हणजे एका जागी किमान तीन रात्री राहणे आणि लांबचा टप्पा शक्य तर छोट्या विमानाने गाठणे. या विमानांत बहुधा माणशी १५ किलो सामानच चालते, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग विमान घ्याल तिथेच ठेवावी लागेल. आठवडाभरात केनिया आणि टांझानिया दोन्ही उरकून घेण्याचा मोह टाळावा. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना लागून आहेत, परंतु पर्यटकांना इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घालून जावे लागते आणि अख्खा दिवस सडकेवर जातो.

राहिली शाळा. दुसरी-तिसरीतल्या मुलीचा फेब्रुवारीतला एक आठवडा बुडाला तर काही बिघडत नाही, असे मी म्हणेन. वर्गशिक्षिकांना आधी भेटून, परतल्यावर वर्गाला प्राण्यांविषयी सांगण्याची जबाबदारी नातीवर टाकून, रजा मागावी. हे अजिबात शक्य नसेल तर दिवाळीची सुट्टी उरते, आणि तिथे आपल्या पंचांगाची गंमत आड येते. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला जाते. तोपर्यंत पूर्व आफ्रिकेत छोटा पाऊस सुरू झालेला असतो आणि कळपांनी मारा बहुधा सोडलेला असतो. २०२७ सालची दिवाळी २९ ऑक्टोबरला आहे, म्हणजे काठावरची. २०२८ साली मात्र लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला येते. त्या सुमारास कळप सहसा माराच्या परिसरात असतात आणि ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. दोन वर्षे थांबण्याची तयारी असेल, आणि नदी ओलांडण्याचे दृश्य पाहण्याची आपली इच्छा खरोखरच अनावर असेल, तर ती दिवाळी हेरून ठेवावी.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीवाचून गत्यंतरच नसेल तर देश बदलावा, सुट्टी नव्हे. आफ्रिका हे खंड आहे, आकाराने भारताच्या सुमारे नऊपट, आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेले. संपूर्ण आफ्रिकेचा एक हंगाम असा नसतोच. दक्षिण आफ्रिका या देशाच्या ईशान्य भागात मे महिन्यापासून कोरडा हिवाळा सुरू होतो. तिथल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात, जे जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरचे आहे, जून ते सप्टेंबर या काळात झुडपे विरळ होतात आणि प्राणी पाणवठ्यांवर येतात. आपला ताडोबाचा हिशेब तिथे जसाच्या तसा लागू पडतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, आपल्याकडच्या शाळा उघडण्यापूर्वी, हा प्रवास उत्तम होईल. जोहान्सबर्गपासून दोन-तीन तासांवरचे पिलानेसबर्ग मलेरियामुक्त आहे, त्यामुळे लहान मुलासाठी तो पर्याय विशेष सोयीचा. लाखोंचे कळप तिथे नाहीत आणि चित्ता दिसण्याची खात्री तर नाहीच, पण हत्ती, गेंडा, सिंह, जिराफ यांची कमतरता पडणार नाही. पहाटे उघड्या गाडीत हात गोठतात, तेवढी तयारी ठेवावी.

पूर्व आफ्रिका की दक्षिण, हे ठरण्याआधी आपण दोघांनी डॉक्टरांकडे जावे, कारण कदाचित निर्णय तिथेच होईल. केनियाहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाजवळ पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लशीचे प्रमाणपत्र नसेल तर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, आणि केनियामार्गे टांझानियात शिरतानाही ते मागतात. लस सरकारमान्य केंद्रावर प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. परंतु साठीनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो. आपण दोघेही साठी ओलांडलेले आहात, म्हणून रक्तदाब-मधुमेहाची औषधे, जुने आजार, सगळे डॉक्टरांपुढे मांडून मगच लस घ्यावी. त्यांनी नको म्हटले तर हट्ट न धरता दक्षिण आफ्रिकेचा बेत करावा. तो देश पीतज्वराच्या यादीत नाही, आणि आखातमार्गे विमान घेतले, म्हणजे नैरोबी किंवा अदिस अबाबा वाटेत टाळले, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. मलेरियाच्या गोळ्यांविषयीही त्याच भेटीत विचारावे.

कपडे खाकी, मातकट, फिकट हिरवे न्यावेत. गडद निळा आणि काळा रंग त्सेत्से माशीला आकर्षित करतो आणि तिचा चावा चांगलाच झोंबतो.

आपण पक्षी पाहत असाल तर फेब्रुवारीच्या बाजूने आणखी एक कारण देतो. उत्तर गोलार्धातून आलेले स्थलांतरित पक्षी तेव्हा पूर्व आफ्रिकेतच असतात. जूनमध्ये पावसाबरोबर नाशिकच्या माळावर ओरडणारा आपला चातकसुद्धा हिवाळ्यात आफ्रिकेतच असतो, तेव्हा बाभळीच्या झुडपांवर काळा-पांढरा, शेंडीवाला पक्षी दिसला तर नातीला जरूर दाखवा.

शेवटची गोष्ट पर्यटन संस्थेशी बोलण्याची. त्यांना ‘प्राणी दिसतील का’ असे विचारू नये. उत्तर होकारार्थीच येणार. मुक्कामाच्या तंबूंची नावे आणि त्यांच्या नेमक्या जागा लेखी मागाव्यात. सेरेंगेटीतले कित्येक तंबू कळपांबरोबर जागा बदलतात, डिसेंबर ते मार्च न्दुतूला आणि जुलैनंतर उत्तरेला मारा नदीजवळ, तर काही वर्षभर एकाच ठिकाणी असतात. ‘सेरेंगेटीत तीन रात्री’ एवढेच लिहिलेले असेल आणि फेब्रुवारीत आपली व्यवस्था उत्तर टोकाला केलेली निघाली, तर कळपांपासून आपण शंभराहून अधिक किलोमीटर दूर असाल. गाडी केवळ आपल्या पाच जणांची आहे की आणखी कोणी सोबत आहे, हेही त्याच पत्रात विचारावे, आणि पत्नीची जागा चालकाशेजारच्या आसनावर राखून ठेवावी. तिथे पाय पसरायला जागा अधिक असते आणि धक्केही मागच्या चाकांवर बसणाऱ्यांपेक्षा कमी लागतात.